पायरीवरची वीट

आधीच सांगून टाकतो... भुताखेतांवर, अंगात येण्यावर, करणीबिरणीवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले. भिंत पडते ती पाया कच्चा असतो म्हणून, कुणाची नजर लागते म्हणून नाही, हे मी अनेकांना तावातावाने पटवलेलं आहे. आता वय नव्वदीला टेकलंय, तरी मत तेच. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे माझी पट्टी आणि कंपास दोन्ही गप्प बसतात.

निमित्त झालं नातवाचं. बोळिंजला फ्लॅट आहे त्याचा, चांगली नोकरी आहे. आणि हा तिशी ओलांडलेला बाप्या त्या प्लॅस्टिकच्या विटा जमवतो! किल्ले काय, जहाजं काय... अख्खं कपाट भरलंय. त्याची आई परवा वैतागून म्हणाली, "घोडा झाला, पण खेळणी सुटत नाहीत." मला हसू आलं. कारण हे खूळ आमच्या घरात त्याने आणलेलं नाही. ते मी आणलं, स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी. ती हकीकत त्याला सांगितली, तर त्यानेच हे टाइप करून दिलंय.

आमचं गाव निर्मळ. देवळापासून थोडं पुढे आमची वाडी. केळी, थोडा पानमळा, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाने नारळी. घरात माणसं तीन. वडील, म्हणजे अण्णा, मी मधू, आणि माझी थोरली वहिनी यमुना. आई लवकर गेली होती. मी मुंबईला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचो, शनिवारी सोपाऱ्याला उतरून सायकलने घरी.

थोरला भाऊ दत्तू, आमचा दादा, घरात नव्हता. लढाई चालू असतानाच्या काळात एका सकाळी "जाऊन येतो" म्हणून निघाला तो आलाच नाही. त्या दिवसांत माणसं अशी हरवायची. कुणी म्हणे फौजेत गेला, कुणी म्हणे बोटीवर. अण्णांनी शोधायचं तेवढं शोधलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. वहिनी आगाशीची, आईबापाविना मामाकडे वाढलेली. ती परत गेली नाही. कुंकू लावत राहिली, वाडी बघत राहिली.

तर विटा. आमच्या ऑफिसामागे जुन्या सामानाचं दुकान होतं. साहेब लोक विलायतेला परत जाताना जे टाकून गेले ते सगळं तिथे यायचं. एकदा सहज आत शिरलो तर एक लाकडी पेटी दिसली. आत रबराच्या तांबड्या विटा, बोटाच्या पेराएवढ्या. खालून दोन बोंडं, वरून दोन भोकं, एकीत एक घट्ट बसणाऱ्या. पांढऱ्या चौकटी, हिरव्या खिडक्या, छपराचे तुकडे. साहेबाच्या पोराचं खेळणं ते. मी दुकानातच उभ्या उभ्या कोपरा रचला, सांध्यावर सांधा न येता सांधेमोड बरोबर आली, आणि खलास! भाचीसाठी म्हणून बांधून घेतली. मला भाची नव्हती.

मग चटकच लागली. त्या दुकानदाराला सांगून ठेवलं, अशी पेटी आली की बाजूला ठेव. दुसरी आली, तिसरी आली. नवशिक्याच्या चुका सगळ्या केल्या. जुनं रबर कडक होतं, बोंड भोकात जात नाही, म्हणून मी शहाण्याने खोबरेल चोळलं. विटा भज्यांसारख्या फुगल्या. अण्णा म्हणाले, "नकाशे काढून पोट भरत नाय का, आता तळायला पन घेतल्यास?" वहिनीने मात्र फुगलेल्या विटा बाजूला काढल्या, बाकीच्या कोमट पाण्यात भिजत घातल्या, रिठ्याने धुतल्या, सावलीत वाळवल्या. लोण्यासारख्या एकीत एक बसायला लागल्या. तेव्हापासून पेट्या तिच्या ताब्यात गेल्या.

मी रविवारी माडीवर बसून बंगला रचायचो आणि सोमवारी पहाटे निघायचो. पुढच्या शनिवारी येऊन बघावं तर बंगला मोडलेला, आणि त्याच विटांची दुसरीच इमारत. लांबलचक, बुटकी. पुढे पडवी, पडवीला पाच कमानी. पाचवी कमान अर्ध्यापर्यंत विटांनी बुजवलेली. आणि टोकाला सगळ्यांपासून तुटक एक खोली. तिचं दार पडवीकडे नाहीच... मागच्या बाजूला! दाराखाली पायरी, पायरीवर एक सुटी वीट.

मी हसलो. म्हटलं, "वहिनी, ही शाळा आहे का गुरांचा गोठा? आणि दार मागे कोण ठेवतं?"

ती म्हणाली, "माला काय ठाव भाऊजी. दुपारची बसले की हात तसेच जातात."

मी ड्राफ्ट्समन! दार पुढे आणलं, कमान मोकळी केली, खोली इमारतीला नीट जोडून दिली. पुढच्या शनिवारी सगळं पुन्हा पहिल्यासारखं. असं आमचं कितीतरी आठवडे चाललं. मी दुरुस्त करायचो, ती मोडायची. भांडण नाही, काही नाही. मला वाटायचं, लहानपणी कुठेतरी पाहिलं असेल. विचारलं तर म्हणे आगाशी आणि निर्मळ सोडून कुठे गेलेच नाही.

एकदा अर्नाळ्याची मासळीवाली जानकी ओटीवर टोपली उतरून बसली होती. माडीवरून आणून ठेवलेली ती इमारत तिने पाहिली. पायरीवरच्या विटेला बोट लावून म्हणाली, "आनि ह्यो कोन गो?"

वहिनी कोलंबी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसलेत. सांजचे बसतात तिथं."

जानकीने माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला. बाई एकटी असली की मन काहीतरी धरून बसतं, एवढंच मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वाईट वाटलं तिचं. फार वाईट वाटलं.

आणि मग बारा वर्षं भरली.

आपल्यात चाल आहे, ठाऊक असेल. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. नाहीच आला, तर तो गेला असं धरून पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग दहावं, बारावं, सगळं. हे केलं नाही तर जीव अधांतरी राहतो म्हणतात. अण्णा काही दुष्ट नव्हते हो. वहिनीवर पोटच्या पोरीसारखी माया. पण छातीचं दुखणं सुरू झालं होतं आणि एकच घोर लागला होता, "मी गेल्यावर त्याला पानी कोन देईल? तुला तर हे काय पटत नाय."

मी विरोध केला. माझं म्हणणं, दादा गेला की नाही ते माहीत नाही, पण विधी झाला की वहिनीचं कुंकू मात्र नक्की जाणार. अण्णा रडायला लागले. शेवटी वहिनीच म्हणाली, "अण्णांच्या जिवाला शांती मिळत असेल तर करा. ते हायत की नाय, माझं मला ठाव हाय."

केलं. बावखलापलीकडे, भर सकाळी. बापाने मुलाच्या नारळाला अग्नी दिला, ते बघवत नव्हतं. घरी येऊन वहिनीने बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढून अण्णांपुढे ठेवलं. सगळं शांतपणे. अण्णा मात्र त्या दिवसापासून तिच्याकडे मान वर करून बघेनासे झाले.

सुतक फिटल्यावर एका शनिवारी आलो तर माडीवर तीच इमारत. पण पायरी रिकामी होती. टोकाच्या खोलीचं छप्पर उचलून पाहिलं, वीट आत होती, आडवी.

"आत नेलीत?" मी विचारलं.

"निजलेत," ती म्हणाली. "उठवत नाय त्यांना." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासमोर तोंडाला पदर लावून रडली. "भाऊजी, तुम्ही एवढे फिरता... असं घर कुठं दिसलं तर सांगा माला."

मी हो म्हटलं. रडणाऱ्या माणसाला हो म्हणतात तसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑफिसने मला घाटावर पाठवलं. एका आश्रमाच्या छपराची डागडुजी करायची होती, मापं घेऊन यायचं काम. आश्रम महारोग्यांचा होता. जायला कुणी तयार नव्हतं, मी बिनलग्नाचा, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

दुपारी बैलगाडीने पोचलो. वळण घेतलं आणि समोर इमारत आली... लांबलचक, बुटकी, पुढे पडवी.

कमानी पाच होत्या. पाचवी अर्धी बुजवलेली. खोटं कशाला सांगू, पाय गाडीवरून खाली ठेवायला माझा जीव धजेना. मी नकाशे वाचणारा माणूस. साम्य वेगळं आणि तीच इमारत वेगळी, हे मला कळतं. टेप खिशातच राहिली. सरळ टोकाच्या तुटक खोलीला वळसा घालून मागे गेलो. दार मागेच होतं. खाली पायरी, रिकामी.

आश्रमाचे डॉक्टर मागोमाग आले. म्हाताऱ्यासारखे दिसणारे पण तरुण गृहस्थ. मी विचारलं, "इथे कोण राहतं?"

"शंकर म्हणून एक आहे. नव्या रोग्याला आधी वेगळं ठेवायचे तेव्हाची ही खोली. त्याने मागून घेतली. रोज संध्याकाळी या पायरीवर मावळतीकडे तोंड करून बसायचा. आता गोळ्या चांगल्या निघाल्यात, रोग आटोक्यात आलाय त्याचा. पण मध्येच त्याने अंथरूण धरलं. ताप नाही, काही नाही, पायातलं बळच गेलं. का ते मला सांगता येत नाही."

आत अंधार होता. मी काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला, "मधू, पुढं येऊ नको."

तो दादा होता. नाक बसलेलं, बोटं आत वळलेली. पण आवाज दादाचाच.

मी पुढे गेलो. काय काय बोललो ते आता सांगता येणार नाही. तो एवढंच म्हणाला की पाठीवर चट्टा दिसला, सुई टोचली तरी कळेना, तेव्हा रोग कोणता ते समजलं. "घरी कळलं असतं तर आपल्या विहिरीवर कोन आलं असतं? अण्णांची केळी कोनी घेतली असती? आणि तिला... तिला तर लोकांनी जगू दिलं नसतं. म्हटलं, मेलेला बरा."

"मेलाच आहेस," मी म्हणालो. मला राग आला होता, आणि रडूही. "पळसाच्या पानांचा करून जाळलाय तुला अण्णांनी."

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "कधी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "त्याच सुमाराला पडलो मी."

मी डॉक्टरांना तारीख विचारली नाही. विचारायला हवी होती, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, बरं झालं विचारली नाही.

एक मात्र विचारलं. ती पाचवी कमान बुजवली कुणी? दादा म्हणाला, "मीच. पावसाचा मारा यायचा खाटांवर. हात चालत होते तेव्हा." म्हणजे बघा. इथे येण्यापूर्वी त्याने ही जागा पाहिली असेल, वहिनीला तिचं वर्णन सांगितलं असेल, ही शंका मला आली होतीच. पण कमान त्याने तिथे गेल्यावर बुजवली. आणि आश्रमातून आमच्या घरी चिटोरंही कधी आलं नव्हतं.

निर्मळला आलो तेव्हा वहिनी सुकेळ्यांसाठी केळी सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. रोगाचं नाव घेतलं तेव्हाही तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाली, "आता उठून बसतात का?"

"तू गेलीस तर बसेल," मी म्हणालो. वहिनीला अगं-तुगं केल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

अण्णांचं काय झालं ते लिहवत नाही. "जिता पोर जाळला मी," एवढंच धरून बसले. आमचे भटजी भला माणूस. त्यांना विश्वासात घेतलं, तर ते म्हणाले, असं पूर्वीही झालेलं आहे आणि त्याला वाट आहे. क्रिया झालेला माणूस परत आला, तर त्याचा पुन्हा जन्म करायचा. तुपाच्या घागरीने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, आणि मग लग्न लावायचं, त्याच बायकोशी. मी नास्तिक माणूस, पण तेव्हा त्या भटजींच्या पायावर डोकं ठेवलं.

दादाला गावात आणणं तेव्हा शक्यच नव्हतं. आणि तो यायलाही तयार नव्हता. तेव्हा वहिनीच तिकडे राहायला जाणार असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनेच ठरवलं. अण्णांनी विचारलं, "आजाऱ्यांत राहशील पोरी?"

ती म्हणाली, "इथं राहिले तर विधवा, तिथं राहिले तर बायको. यात विचारायचं काय, अण्णा?"

आम्ही चौघं गेलो. अण्णा, वहिनी, भटजी आणि मी. दादाला आधार देऊन पडवीत आणलं. भटजी आधी जरा लांब उभे होते. डॉक्टरांनी रोग आता पसरणारा नाही म्हणून सांगितल्यावर पुढे झाले. न्हाऊ घालून झालं. मग बारसं. बारशाला बापाने मुलाच्या कानात नाव सांगायचं असतं. चाळिशीला आलेलं ते लेकरू पाटावर बसलेलं, आणि अण्णा, ज्यांनी त्याच्या नारळाला अग्नी दिला होता, त्यांनी त्याचा तो सुजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "दत्तू." मोठ्याने नाही. पण बारा वर्षं शंकर म्हणून जगलेला माझा भाऊ ओक्साबोक्शी रडला.

लग्नात गंमत झाली. वहिनीला आईबाप नाहीत, मग कन्यादान कोण करणार? अण्णा म्हणाले, मी. म्हणजे सासराच मुलीकडचा झाला! वरपक्ष म्हणून आश्रमातले सगळे रोगी दादाच्या मागे उभे राहिले. ज्यांच्या हातांत अक्षता राहत नव्हत्या त्यांनी त्या तळव्यांवर घेऊन उधळल्या. मंगळसूत्र बांधायची वेळ आली, आणि दादाची वळलेली बोटं चालेनात. गाठ बसेना. वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही नुसतं धरून ठेवा." आणि हात मागे नेऊन त्याच्या हातांवरून तिनेच गाठ मारली.

तीन-चार महिन्यांत दादा काठी घेऊन चालायला लागला. गोळ्यांनी, असं डॉक्टर म्हणाले. माझंही मत तेच आहे... बहुतेक. वहिनीने तिथेच फुलझाडं लावली, केळी लावल्या, संसार केला. विटांच्या पेट्या मी तिला नेऊन दिल्या, पण ती इमारत तिने पुन्हा रचली नाही. आश्रमातल्या मुलांना खेळायला देऊन टाकल्या. मी पुढे दोनदा तिला विचारलं, हाताला कसं कळायचं? दोन्ही वेळा तिने मलाच विचारलं, "तुम्हाला कळलं का काय?" नाही कळलं. आजही कळलेलं नाही. योगायोग म्हणावं तर पाचही कमानी जुळतात, आणि योगायोग नाही म्हणावं तर माझं सगळं आयुष्य चुकीच्या पायावर उभं होतं असं कबूल करावं लागतं.

अण्णा मात्र शेवटपर्यंत एकाच गोष्टीने पोळत राहिले. आपण अग्नी दिला म्हणून तर पोराने अंथरूण धरलं नाही ना? मी दर वेळी नाही म्हणायचो, मला ठाऊक नसताना. जाण्याच्या थोडं आधी त्यांनी वहिनीला बोलावून घेतलं आणि हात जोडले. "पोरी, मी तुझा नवरा जाळला. माला माफ कर."

वहिनीने त्यांचे हात खाली केले, पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "तुम्ही जाळला नसता अण्णा, तर एका जन्मात दोनदा लग्न लागलं असतं का आमचं?"

अण्णा हसले. विधी झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.